गोव्यातल्या गजबजलेल्या रस्त्याचं जुनं डच चित्र: यात नेमकं काय चाललंय?

माजघर

नमस्कार मंडळी. आत्याच्या घरी माजघराच्या दारावर एक चित्र टांगलेलं असायचं. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरांच्या ओळी, मध्ये माणसांची ही गर्दी. कुणी घोड्यावर, कुणाच्या डोक्यावर दुसऱ्यानं छत्री धरलेली, कुठे चार-पाच जण काहीतरी बघत घोळका करून उभे. आम्ही भावंडं त्याला 'जत्रा' म्हणायचो. दुपारी झोप येत नसली की चित्रातली माणसं मोजायची, आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा.

या जानेवारीत आत्या गेली. घर आवरताना फ्रेम माझ्याकडे आली. मागच्या पुठ्ठ्यावर तिच्या अक्षरात 'गोव्याचा जुना बाजार' एवढंच लिहिलंय. थोडं शोधल्यावर कळलं की मूळ चित्र यान हाउखेन फान लिन्सखोतेन या डच माणसाच्या पुस्तकातलं आहे. पुस्तक 'इतिनेरारिओ', आम्स्टरडॅम, १५९६. हा लिन्सखोतेन हार्लेमचा, वाढला एन्कहाउझेन बंदरात. १५८३ मध्ये गोव्याचे नवे आर्चबिशप व्हिसेन्ते द फोन्सेका यांचा कारकून म्हणून लिस्बनहून आला आणि पाचेक वर्षं गोव्यात राहिला. आर्चबिशप पोर्तुगालला जाताना समुद्रातच वारले, ती बातमी आल्यावर यानंही परतीचं जहाज धरलं. वाटेत दोन वर्षं अझोर्स बेटांवर अडकला आणि १५९२ मध्ये घरी पोचला.

आता मला तीन गोष्टी हव्यात. हा रस्ता जुन्या गोव्यात नेमका कुठे होता? चित्रावर विश्वास किती ठेवायचा? आणि तो घोळका कशासाठी जमलाय? जाणकारांनी लिहावं. चित्र आता माझ्या घरी लागणार आहे. मुलगी विचारेल तेव्हा 'जत्रा' असं उत्तर मला द्यायचं नाही.

कुळागर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. मी फोंड्याचा, आणि जुन्या गोव्यात पाहुण्यांना फिरवायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडेच असतं.

हा 'रुआ दिरैता', म्हणजे सरळ रस्ता. पोर्तुगीज गावांतून मुख्य रस्त्याला हेच नाव असायचं, मग तो प्रत्यक्षात सरळ असो वा नसो. मांडवीच्या धक्क्याकडून, व्हाइसरॉयच्या वाड्यापासून निघून तो आत मिझेरिकोर्दियाच्या चर्चकडे जायचा. लिन्सखोतेननंतर वीसेक वर्षांनी पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच माणूस गोव्यात होता. त्यानं या रस्त्याची लांबी दीड हजार पावलांहून जास्त सांगितली आहे. दोन्ही अंगांना सोनार, जवाहिरे, सराफ आणि बडे व्यापारी.

चित्रात बाँ जेझूचं चर्च शोधू नका. त्याचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि तोवर लिन्सखोतेन एन्कहाउझेनला पोचला होता. धक्क्याजवळची व्हाइसरॉयची कमानही त्याच्यानंतरचीच. मोठ्या सी कॅथेड्रलचं काम मात्र चालू होतं, १५६२ पासून. म्हणजे आज जुनं गोवं म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं बहुतेक काहीच या माणसानं पाहिलेलं नाही. आणि त्यानं जे पाहिलं, ती घरं, दुकानं, सज्जे, त्यातलं आज काही उभं नाही. रोगराईनं शहर ओस पडत गेलं, १६९५ मध्ये व्हाइसरॉय जवळच्या पणेलीला (Panelim) राहायला गेला, पुढे १७५९ मध्ये पणजीला. घरांचे दगड लोकांनी नेऊन दुसरीकडे लावले. आज कमानीतून वर चालत आलात की डांबरी रस्ता, हिरवळ, शहाळेवाले आणि सहलीच्या बसगाड्या. त्या डांबराखाली तुमच्या आत्याचं चित्र आहे.

ठसा

मी छापचित्रं करते, तांब्यावर कोरूनच. विश्वासाच्या प्रश्नावर लिहिते. जरा लांबेल.

पहिली गोष्ट अशी की आपण बघतो ते लिन्सखोतेनचं रेखाटन नाही. त्यानं गोव्यात काढलेले कागद आज हाती नाहीत. त्यांवरून योआनेस आणि बाप्टिस्टा फान दोएतेकम या भावांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, आणि त्या पत्र्याचा हा ठसा. कोरणाऱ्यानं गोवा पाहिलेला नव्हता. त्याच्यापुढे एक रेखाटन, शेजारी कदाचित लिन्सखोतेन स्वतः बसून सांगतोय, आणि हात सरावलेला आहे तो युरोपातली माणसं काढायला. म्हणून उघड्या अंगाच्या माणसांचे दंड आणि पोटऱ्या बघा. स्नायूंच्या गाठी ग्रीक पुतळ्यासारख्या उमटल्यात. तो कोकणातला किंवा मोझांबिकचा माणूस नव्हे, तो कोरणाऱ्याच्या हाताचा सराव आहे. घरांचंही तसंच. त्यावरून 'गोव्यातली घरं अशीच होती' असं छातीठोकपणे म्हणू नये.

दुसरं, ठसा उलटा पडतो. पत्र्यावर उजवीकडे कोरलेलं कागदावर डावीकडे येतं. कोरणारा हुशार असेल तर आधीच उलटं करून घेतो, पण दर वेळी घेतोच असं नाही. म्हणून चित्रातली अमुक बाजू म्हणजे मांडवीची बाजू, असं यावरून ठरवायला जाऊ नका.

तिसरं, रंग. बाजारात याच्या रंगीत प्रती खूप मिळतात. ठसा काळ्या शाईचा, एकरंगी. रंग नंतर कुणीतरी हातानं भरलेत. कुणाचं पागोटं तांबडं दिसलं म्हणून त्यावरून त्याची जात-जमात सांगू नये. आणि एक, फ्रँकफुर्टच्या डे ब्राय मंडळींनी याच चित्रांवरून पुन्हा नव्यानं पत्रे कोरले. ती नकलेची नक्कल. तुमची प्रत कुठली आहे ते आधी बघा. वर लॅटिन आणि डच अशा दोन भाषांत मजकूर असेल तर ती 'इतिनेरारिओ'च्या वळणाची.

मग विश्वास कशावर ठेवायचा? कोण कुणाशेजारी उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, यावर. मांडणी सहसा रेखाटनातून आलेली असते. स्नायू आणि कौलं कोरणाऱ्याची.

पाणंद

मग प्रत घ्यायची झाली तर कुठली घ्यावी? रंगीत बरी दिसते भिंतीवर.

ठसा

@पाणंद, विकत घेऊच नका. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर लिन्सखोतेनच्या पुस्तकातले ठसे फुकट उतरवून घेता येतात, तेही अगदी मोठ्या आकारात. चांगल्या कागदावर छापून घ्या. आणि काळंपांढरंच लावा. रंग भरला की नजर कपड्यांवर जाते, आणि या चित्रात कपड्यांपेक्षा हात बघायचेत.

शब्दवेडी

माजघर, घोळका कशासाठी ते मी सांगते, आणि ते सांगताना मला फार बरं वाटणार नाहीये.

लिन्सखोतेननं या दृश्याचं वर्णन पुस्तकात केलंय. रोज सकाळी, रविवार आणि सणवार सोडून, सात ते नऊ या वेळात, ऊन चढायच्या आत, रुआ दिरैतावर हा मेळा भरे. अँटवर्पच्या व्यापारी पेढीसारखा, पण इथे व्यापाऱ्यांबरोबर सरदारमंडळीही येत. याला पोर्तुगीज म्हणत 'लैलांव'.

एकदा मोठ्यानं म्हणून बघा. लैलांव. लिलाव.

आपला 'लिलाव' शब्द तिथलाच. चावी, पगार, घमेलं, बटाटा, परात हे जसे पोर्तुगीजांकडून आले तसाच हाही. बँकेनं जप्त केलेल्या घराची जाहिरात असो, कांद्याचा मोंढा असो की क्रिकेटचे खेळाडू, आपण रोज वापरतो तो शब्द ज्या रस्त्यांवर रुजला, त्यांतला सगळ्यात मोठा रस्ता तुमच्या माजघरात टांगलेला होता.

आता त्या घोळक्यात काय? लिन्सखोतेन सांगतो की शहरानं नेमलेले दवंडीवाले असत. विकायचा माल ते अंगावरच घालून फिरत. गळ्यात सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या, रत्नं. अरबी घोडे असत. मसाले, औषधी, सुगंधी डिंक, खंबायत-सिंध-बंगाल-चीनकडच्या किमती चादरी आणि नवलाच्या वस्तू. कुणी मेलं की त्याच्या घरचं सामानही इथेच येई, अगदी व्हाइसरॉय मेला तरी. सकाळी इथे घ्यायचं आणि पुढे कधीतरी पुन्हा इथेच विकायचं, यावर पोट भरणारे लोक होते.

आणि त्याच दवंडीवाल्यांच्या मागेपुढे माणसं असत. बाया, पुरुष, म्हातारे, पोरं. आपल्याकडे गुरं विकतात तशी इथे रोज माणसं विकतात, असं तो लिहितो. साखळ्या आणि मोत्यांच्या त्याच यादीत, त्याच दमात.

माजघर

दोनदा वाचलं. मग फ्रेम खाली घेऊन भिंग लावून बसलो.

आम्ही माणसं मोजायचो तेव्हा कपडे नसलेली माणसं मोजताना चुकायचो. कुणी म्हणायचं ते पुतळे आहेत, कुणी म्हणायचं पैलवान. जत्रेत कुस्त्या असतातच, तेव्हा पैलवान हे सगळ्यांना पटायचं. माझं वय आज ५२ आहे. इतकी वर्षं मी त्यांना पैलवान समजत होतो.

बंदरकाठ

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. मी वेंगुर्ल्याचा. आमच्या गावात डच वखारीचे अवशेष अजून उभे आहेत. १६३७ मध्ये डचांनी इथे वखार काढली ती गोव्यावर नजर ठेवायलाच. म्हणून मला डच माणसानं काढलेलं गोव्याचं चित्र म्हटलं की आधी हेतू दिसतो.

पुस्तक छापलं गेलं तेव्हा डचांचं स्पेनशी युद्ध चालू होतं, आणि १५८० पासून पोर्तुगालही स्पेनच्याच राजाकडे होता. म्हणजे शत्रूचं शहर. त्यात लिन्सखोतेनचं पुस्तक म्हणजे नुसतं प्रवासवर्णन नाही. समुद्रमार्ग, वारे, प्रवाह यांची पोर्तुगीजांनी जपलेली माहिती त्यानं उघड केली. पूर्वेला निघालेल्या पहिल्या डच ताफ्याला, १५९५ मध्ये, त्याच्या मार्गवर्णनाचा उपयोग झाला. १६०२ मध्ये डच कंपनी निघाली. पोर्तुगीज आळशी झालेत, ऐषारामात बुडालेत, नोकर छत्री धरल्याशिवाय चार पावलं टाकत नाहीत, हे दाखवणं त्या व्यापाऱ्यांच्या सोयीचं होतं. मग माणसांचा बाजारही जरा फुगवून दाखवला नसेल कशावरून?

ठसा

@बंदरकाठ, शंका रास्त आहे. पण रेखाटनं झाली तेव्हा तो पोर्तुगीज आर्चबिशपच्या घरचा माणूस होता, त्यांचं मीठ खात होता. आणि कुळागरांनी सांगितलेला पिरार फ्रेंच आणि कॅथलिक. त्यानंही गोव्याच्या रस्त्यावर माणसं विकली जाताना पाहिली. दोन वेगळ्या देशांची, दोन वेगळ्या धर्मपंथांची माणसं वीस वर्षांच्या अंतरानं तेच सांगत असतील तर फुगवलं असं म्हणता येत नाही.

शब्दवेडी

त्यात भर घालते. फुगवायचं असतं तर त्यानं हळहळ तरी व्यक्त केली असती. वर्णन थंड आहे. त्याच्या मते ती त्या शहराची रीत होती. आणि डचांनी पुढे स्वतः काय केलं? बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेण्यासाठी त्यांनी कोरोमंडल आणि आराकानच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेतलीच. तेव्हा शत्रूला काळं फासायला काढलेलं हे चित्र नव्हे. बघणाऱ्यालाही यात काही खुपलेलं नाही, आणि मला तर तेच जास्त खुपतं.

बंदरकाठ

मान्य. वखारीत त्यांनी काय केलं ते आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही, तिथे सहल मात्र दर वर्षी जायची. छत्रीचा मुद्दा तरी धरून ठेवतो, कारण त्याच्या पुस्तकात छत्र्या फार आहेत.

शब्दवेडी

छत्रीवर तर मलाही बोलायचंय! पोर्तुगीज या मोठ्या छत्रीला 'सोंब्रैरू' म्हणत, आणि ती धरणाऱ्याला त्यांच्या सोळाव्या शतकातल्या लिखाणात 'बोय' म्हटलंय. हा इंग्रजीतला पोरगा नव्हे. हा आपला भोई. दक्षिणेकडच्या भाषांत बोयी. म्हणजे लिलाव त्यांच्याकडून आपल्याकडे आला आणि भोई आपल्याकडून त्यांच्याकडे गेला, तेही त्याच रस्त्यावरून. सराफ शब्दही त्यांनी इथेच उचलला. अरबी-फारसीतून आपल्याकडे आधीच रुळलेला, त्यांच्याकडे त्याचा 'शराफू' झाला. लिन्सखोतेन म्हणतो की हे रस्त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यावर नाणी घेऊन बसलेले असत.

ठसा

मघाशी हात बघा म्हटलं ते यासाठीच. माजघर, भिंग हाताशी आहे तर छत्रीच्या दांड्यापासून सुरुवात करा. दांडा लांब आहे, कारण धरणारा शेजारी नाही, मागे आहे. एक पाऊल मागे राहून त्याला हात वर आणि पुढे ताणावा लागतो. छत्रीचं वर्तुळ पुढच्याच्या टोपीवर बरोबर बसतं. धरणाऱ्याचं स्वतःचं डोकं सावलीबाहेर राहतं. मग खाली पाय बघा. पुढच्याच्या पायांत जोडे, मागच्याचे अनवाणी. हा ताणलेला हात मनानं काढता येत नाही, कुणाला तरी तसं उभं राहिलेलं बघावं लागतं. माझ्या मते चित्रातली सगळ्यात भरवशाची जागा तीच.

मात्र प्रत्येक अनवाणी माणूस गुलाम समजू नका. मजूर, हमाल, भोई, पाणके हेही असेच दिसतात. आणि प्रत्येक छत्रीखाली पोर्तुगीजच असतो असंही नाही.

कुळागर

हे ठसाताईंनी फार महत्त्वाचं सांगितलं. लिन्सखोतेननंच लिहिलंय की गोव्यातले हिंदू वैद्य पोर्तुगीजांसारखीच छत्री धरवून हिंडत. इतर हिंदूंना तो मान नसे. वकिलातीवर आलेले लोक आणि काही श्रीमंत व्यापारी तेवढे अपवाद. पोर्तुगीज लोकसुद्धा, थेट व्हाइसरॉय आणि आर्चबिशपपर्यंत, या वैद्यांकडून औषध घेत. तेव्हा छत्रीखाली धोतर दिसलं तर गोंधळू नका. तो बहुतेक वैद्य.

चित्रात जे नाही त्याबद्दलही बोलायला हवं. लिन्सखोतेन सप्टेंबर १५८३ मध्ये गोव्यात उतरला. त्याच वर्षी जुलैत साष्टीत कुंकळ्ळीला पाच जेझुइट पाद्री मारले गेले होते, आणि त्याचा सूड म्हणून गावच्या गावकरांना बोलावून मारण्यात आलं. तिसवाडीतली देवळं १५४० पासून पडलेली, साष्टीतली १५६० च्या दशकात. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आमचं फोंडा तेव्हा आदिलशाहीत होतं, म्हणून देव इकडे आले. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० पासून गोव्यात बसलेलं.

हे मनात ठेवून त्या रस्त्यावरची दुकानं बघा. रेशीम विकणारे खंबायतचे वाणी, सोनार, सराफ, वैद्य, वरच्या बालाघाटातून धान्य आणि कापड घेऊन आलेले दख्खनी. त्यांच्याशिवाय शहराचं एक दिवस चालत नव्हतं. आणि त्यांच्यातल्या इथल्या माणसांना आपल्या देवासमोर वात लावायला खाडी ओलांडून दुसऱ्या राज्यात जावं लागत होतं. माझी आजी सांगायची, आमच्या घरी प्रत्येक कार्याचा पहिला नारळ खाडीपलीकडच्या मूळ जागेच्या नावानं काढून ठेवतात. आजही ठेवतात.

पाणंद

विषयांतर होतंय का जरा? चित्र लिलावाचं आहे.

कुळागर

नाही हो. लिलावात बोली लावणारेही यातलेच असणार, हेच मला म्हणायचंय. बोली लावायला पोर्तुगीज असायलाच हवं असं नव्हतं, पैसे असायला हवे होते. आम्ही तेव्हा फक्त सोसत होतो असं चित्र मी मुलांना रंगवून सांगत नाही. काही जण सोसत होते. काही जण त्याच सकाळी माल घेत होते.

बंदरकाठ

हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

एक विचारतो. त्या विकल्या जाणाऱ्यांपैकी कुणाचं मूळ गाव तरी कळतं का?

शब्दवेडी

चित्रातून नाही कळत. पण त्या काळी गोव्यात विकायला आणलेली माणसं मोझांबिककडची असत, बंगालची असत, चीन-जपानकडचीही असत. चित्रात कोरणाऱ्यानं सगळ्यांना एकच अंग दिलंय.

माजघर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीला बसवून चित्र दाखवलं. वय वर्षं ११. मी आधी काही बोललो नाही, तिला म्हटलं, छत्री धरणाऱ्याचं डोकं शोध. तिनं शोधलं. "बाबा, याला ऊन लागतंय." मग तिनं तशी सगळी माणसं शोधली, बोट ठेवून. घोळक्यापाशी आल्यावर मी सांगितलं काय चाललंय ते. तिनं एकच विचारलं, यातली आई आणि मूल वेगवेगळ्या माणसांनी घेतली तर? मी म्हटलं, घेत असतील. खोटं सांगवेना.

आत्याच्या ओळीला हात लावला नाही. ती तशीच राहील. तिच्याखाली कागदाची पट्टी चिकटवली आहे. मजकूर असा केलाय, काही चुकत असेल तर सांगा:

'रुआ दिरैता, गोवे. सकाळचा लिलाव. पाहणारा: लिन्सखोतेन, १५८३ नंतरची पाच वर्षं. कोरणारे: फान दोएतेकम. आम्स्टरडॅम, १५९६. विकायला: घोडे, रत्नं, मसाले, चादरी, माणसं.'

ठसा

'वरून' हा शब्द घाला. 'लिन्सखोतेनच्या रेखाटनावरून.' बाकी बरोबर आहे. आणि पट्टीला खळ लावा, डिंकानं कागद पिवळा पडतो.

शब्दवेडी

माणसं शेवटी ठेवलीत. मी पहिली लिहिली असती.

माजघर

बदलतो.

कुळागर

पावसाळा सरला की मुलीला घेऊन या. सकाळी सातला कमानीपाशी भेटू, बसगाड्या यायच्या आधी. तिथून मिझेरिकोर्दियाच्या बाजूला चालत जाऊ. पावलं तिला मोजू दे.